नवी नळी की जुनी बंदूक

आर्डिथ केसलरच्या पायाला जन्मापासून भिंगरी. लाकूडतोडीच्या कंपनीसाठी तिने पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडचे डोंगर आयुष्यभर पालथे घातले. हातात रंगाचा डबा, आणि तोडायच्या झाडाच्या बुंध्यावर निळा पट्टा. नवऱ्याशी पटलं नाही, त्याचं कारणही ती एका वाक्यात सांगते : "तो सोफ्यावरचा माणूस होता." अडुसष्टी गाठली तरी चर्चमध्ये ती दाराजवळच्या बाकावर बसते. प्रार्थना लांबली तर सटकता यावं म्हणून. पाद्रीबुवांनाही ते माहीत आहे आणि ते तिच्याकडे बघायचं टाळतात.

अशा बाईने नोव्हेंबरची वाट बघावी यात नवल नाही. थँक्सगिव्हिंगची टर्की पोटात जिरते न जिरते तोच सगळी केसलर मंडळी डोंगरावरच्या कॅम्पात जमतात आणि हरणांचा मोसम सुरू होतो. केसलरांची शिकार हाक्याची. अर्धे जण खोऱ्याच्या वरच्या अंगाला नाक्यानाक्यावर बंदूक घेऊन बसतात आणि अर्धे खालून ओळीने रान उठवत येतात. कुणी कुत्र्यासारखा भुंकतो, कुणी हाळ्या देतो, कुणी काठीने झाडं बडवतो. कोणी हाकायचं आणि कोणी बसायचं हे आर्डिथचा थोरला भाऊ वेंडल ठरवतो. त्याचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. पाय चालतात तोवर हाक्यात, पाय थकले की नाक्यावर. आणि एकदा नाक्यावर बसलेला माणूस पुन्हा हाक्यात आलेला आजवर कुणी पाहिलेला नाही. खुद्द वेंडल खुब्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी नाक्यावर गेला, तो गेलाच.

आर्डिथ हाक्याच्या ओळीत मधोमध असते. मधली वाट सगळ्यात वाईट. लॉरेलच्या झुडपांची दाट जाळी, मग ओढा, मग निसरड्या धोंड्यांची चढण. चाळीस वर्षं ती वाट तिची आहे आणि ती मागायची कुणाची छाती झालेली नाही. तिची बंदूकही हाकाऱ्याची : पंपाची रायफल. हरीण पायाशी उसळलं की पहिली गोळी बहुतेक झाडालाच लागते, आणि दुसरीला वेळ नसतो. नळीखालची लाकडी मूठ डाव्या हाताने मागे ओढून पुढे ढकलली की दुसरी गोळी तयार. गाल दस्त्यावरून उचलावासुद्धा लागत नाही.

गेल्या वर्षी मोसमाच्या शेवटच्या दिवशी ह्याच वाटेवर आर्डिथ पडली.

पडली म्हणजे काय, ते तिला नीट सांगता आलं नसतं. ओढ्याच्या वरच्या काठावर ती उभी होती, एवढं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते हे की ती खाली ओढ्याच्या कडेला गुडघ्यांवर आहे, हातमोजे भिजलेत आणि टोपी पाण्यातून चाललीय. मधलं काहीच नाही. घसरली असती तर घसरल्याचं आठवलं असतं. ती उठली, टोपी पकडली आणि चालू लागली. थोड्या अंतरावर एक नर उठला, तिने नेम धरला आणि चाप ओढला. खांद्याला बसलेला दणका नेहमीचा नव्हता. हरीण तसंच निघून गेलं.

इथे तिची चूक सांगायला हवी. बर्फात शिकार करणारे लोक नळीच्या तोंडावर विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी लावतात. आत बर्फ जात नाही, आणि गोळी पट्टी फाडून निघून जाते. दरवर्षी सगळ्यांच्या बंदुकांना पट्टी लावलीय का, हे तपासत फिरायचं काम आर्डिथचं. पोरं तिला त्यावरून चिडवतातही. त्या दिवशी सकाळच्या गोळीने तिची स्वतःची पट्टी फाटली होती आणि दुसरी लावायची ती विसरली. पडताना नळीत बर्फाचा बोळा बसला, आणि त्या बोळ्यावर तिने गोळी झाडली. नळी फुटली असती तर ही गोष्ट सांगायला कारणच उरलं नसतं. फुटली नाही, फुगली. तोंडापासून वीतभर अलीकडे अंगठीएवढा फुगवटा आला.

संध्याकाळी कॅम्पात रिवाजाप्रमाणे, नेम चुकला म्हणून तिच्या शर्टाचा मागचा पदर कात्रीने कापला गेला आणि खिळ्याने भिंतीवर ठोकला. ती सगळ्यांबरोबर हसली. ओढ्याचं ती कुणालाही बोलली नाही. बोलली असती तर पुढच्या वर्षी नाका ठरलेला होता.

तो फुगवटा वर्षभर तिच्या कपाटात होता आणि वर्षभर तिच्या डोक्यातही. ती भांडी घासता घासता थांबायची आणि स्वतःला विचारायची, आत्ता मी इथेच होते ना? जिना उतरताना पायऱ्या मोजायची. डॉक्टरकडे गेली नाही. डॉक्टर काय सांगेल ते तिला ऐकायचं नव्हतं. ऑगस्टमध्ये मात्र घोडं अडलं. मोसम जवळ येत होता आणि हातात बंदूक नव्हती.

मर्ल फुल्मर हा गावातला बंदुका दुरुस्त करणारा. आर्डिथच्याच वर्गातला. हात सोन्याचे, पण तोंडात तीळ भिजायचा नाही, आणि रोज सकाळी तो वेंडलच्याच टेबलावर कॉफी प्यायचा.

मर्लने नळीवरून अंगठा फिरवला आणि एकदम थांबला. "काय गं हे? काय खायला घातलंस हिला?"

"कपाटात पडली होती," आर्डिथ म्हणाली.

"कपाटात पडून नळ्या फुगायला लागल्या तर माझा धंदा जोरात चालेल."

"नवी नळी बसेल का, तेवढं सांग."

"बसेल. पण ही पंपाची बया आहे. साधी बंदूक असती तर जुनी नळी काढली, नवी फिरवली, झालं. हिची सगळी पुढची यंत्रणा नळीला टांगलेली असते. हा कंस, ही दांडी, ही मूठ, सगळं नव्या नळीवर पुन्हा जुळवावं लागतं. कारखाना हल्ली सुटी नळी देत नाही. शोधावी लागेल, वेळ जाईल. मोसम हुकेल तुझा." त्याने फुगवट्यावर बोट ठेवलं. "फुगवटा कापून आखूड करून देऊ? उद्या मिळेल."

आखूड नळी वेंडलला कोसभरावरून दिसली असती. "नको," ती म्हणाली.

"मग जुनी घे एखादी. खरं सांगू? हिच्यापेक्षा जुनी बघ. तेव्हाचं लाकूड, तेव्हाचा पोलादाला दिलेला निळा रंग, आता कुठे मिळतोय? नव्या नळीला जेवढे पैसे घालशील तेवढ्यात अख्खी बंदूक येईल." मग त्याने रायफल कानाशी धरून हलवली. मुठीचा खुळखुळ आवाज झाला. "आणि ही खुळखुळ! नळी बदलली तर ही पण जाईल, कायमची. एवढी सैल मूठ घेऊन तू हरणं मारतेस की त्यांना तालावर नाचवतेस?"

"खुळखुळू दे," आर्डिथ म्हणाली आणि रायफल पिशवीत घालून निघाली.

पण निघाली तरी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी ती परत आली, नळी किती दिवसांत मिळेल विचारायला. आठवड्याने पुन्हा आली, जुन्या बंदुकीचा काय भरवसा, विचारायला. ह्या दस्त्यावर तिचा गाल बसून बसून लाकडाला तिथे वेगळी चकाकी आली होती. ती रायफल खांद्याला लावली की नेम आपोआप जुळायचा. परकी बंदूक म्हणजे परक्या घरात रात्री पाणी शोधण्यासारखं. एकदा तर ती मर्लच्या दारापर्यंत येऊन गाडी वळवून परत गेली. मर्लने खिडकीतून पाहिलं आणि पुढच्या खेपेला हात जोडले.

"अगं बाई, नळी घ्यायचीय की जावई बघायचाय? एकदा काय ते ठरव. आणि वेंडलला का विचारत नाहीस? त्याला कळतं यातलं."

"वेंडलला एक अक्षर सांगितलंस तर तुझी मानगूट धरीन."

"का? त्यात लपवायचं काय आहे?"

तिथेच तिचं ठरलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला झालं होतं. नवी नळी म्हणजे मर्लच्या दुकानात मोसमभर पडलेली रायफल आणि रोज सकाळी कॉफीच्या टेबलावर तिची चर्चा. जुनी बंदूक म्हणजे गुपचूप काम. तशीच दिसणारी मिळाली की तिला आपला खांद्याचा पट्टा लावायचा, झालं. कोण बघतंय?

तशी बंदूक खोऱ्यापलीकडच्या नीव्हा बायर्लीकडे निघाली. नीव्हाचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. रायफल आर्डिथच्या रायफलीपेक्षा बरीच जुनी होती, पण तेल पाजून पाजून ठेवलेली. नळी आतून आरशासारखी. आर्डिथने मूठ मागे ओढली, पुढे ढकलली. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली, आवाज म्हणून नाही.

"त्यांनी मुठीच्या आतून लोकरीचं कापड चिकटवलंय," नीव्हा म्हणाली. "ते एकटेच जायचे ना शिकारीला. झाडाला टेकून दिवसदिवस. म्हणायचे, नीव्हा, बंदुकीने तोंड उघडलं की हरीण गेलं."

"छानच केलंय," आर्डिथ म्हणाली, आणि तिला ते खरंच छान वाटलं. खुळखुळ गेली हे बरंच झालं, असं मनाशी म्हणत तिने बंदूक गाडीत ठेवली. हाकाऱ्याने एकांड्या शिकाऱ्याची बंदूक विकत घेतली, आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. एवढ्या वर्षांच्या अनुभवी बाईला दिसू नये, हे मला अजून कळत नाही. पण लपवायचं असलं की माणूस फक्त डोळ्यांना काय दिसेल तेवढंच बघतो.

मोसमाच्या पहिल्या सकाळी, शनिवारी, कॅम्पात डुकराचं मांस आणि आंबट कोबीचा वास सुटलेला. आर्डिथने सगळ्यांच्या नळ्यांना पट्ट्या लावल्या, आपल्या नळीला दोन. वेंडल प्रत्येकाची जागा सांगत होता. तो तिच्यापाशी येताच तिने रायफल अंगाआड घेतली. वेंडलने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आर्डिथ, नेहमीसारखी मधून," तो शेवटी म्हणाला. "दमलीस तर सांग."

"तुझा नवा खुबा दमला तर तू सांग," ती म्हणाली. सगळे हसले. वेंडल हसला नाही.

हाका सुरू झाला. डावीकडे तिचा चुलतभाऊ ड्वेन भुंकायला लागला, उजवीकडे वेंडलची मुलगी जोलीन हाळ्या देत होती. आर्डिथ कधीच ओरडत नसे. तिला ते पोरकट वाटायचं. ती जाळीत शिरली, जपून ओढा उतरली, जपून चढली. काठावर थांबून तिने स्वतःला विचारलं, आहेस ना? आहे. पाय भक्कम, डोकं साफ. तिला एकदम हलकं वाटलं. गेल्या वर्षीचं ते काहीतरी उगाच होतं, एकदाच झालं, पुन्हा होणार नाही. ती जवळजवळ आनंदात चालत होती.

तेवढ्यात वरून पाचोळा तुडवत कुणीतरी धावत येताना तिला ऐकू आलं. हरीण नव्हे, माणूस. झाडांतून नारिंगी जाकीट दिसलं आणि तिने नळी जमिनीकडे वळवली. चालू हाक्यात नाक्यावरून उठून खाली येणं म्हणजे गोळीच्या तोंडी जाणं. पोराटोरांना पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. आणि धावत येत होता वेंडल, बहात्तर वर्षांचा, नव्या खुब्याचा, टोपी कुठेतरी पडलेली, हातात बंदूक नाही.

"थांब!" ती किंचाळली. "वेड लागलंय का तुला? ड्वेन गोळी घालेल!"

वेंडल झाडाला धरून उभा राहिला. त्याला धाप लागली होती. "तू... चालतेयस?"

"मग काय उडतेय?"

"आवाज का नाही येत तुझा?"

"मी कधी ओरडते?"

वेंडलने पुढे होऊन तिच्या हातातली रायफल घेतली. आधी दोनदा हलवली, मग जोरात हलवली. काही वाजलं नाही. त्याने दस्ता पाहिला, मूठ पाहिली.

"ही तुझी नाही."

आर्डिथने ती परत घ्यायला हात पुढे केला.

"चाळीस वर्षं मी तुझी ती खुळखुळ ऐकतोय, आर्डिथ. आधी बाजूला चालताना, आता वर बसून. ड्वेन भुंकतो, जोलीन बोंबलते, आणि मधून तू खुळखुळत येतेस. तेवढ्यावरून मला कळतं तू जाळीत आहेस का चढणीवर. गेल्या वर्षी ती ओढ्यापाशी थांबली."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं. वाटलं, आता सुरू होईल. आता होईल. नाही झाली. कितीतरी वेळ नाही झाली."

"मग आला का नाहीस?"

वेंडलने मान खाली घातली. "नाक्यावरचा माणूस उठत नाही. बापाने शिकवलं, मी तुम्हा सगळ्यांना शिकवलं. बसून राहिलो, झालं. मग आवाज आला आणि तू वर आलीस आणि हसत शर्ट कापून घेतलास. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू खरं सांगितलं असतंस, तर तुला बसवावं लागलं असतं. वर्षभर मला ते खातंय. आज सुरुवातीपासून काहीच ऐकू येईना, तेव्हा नाही राहवलं."

ज्याच्यापासून लपवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिला त्याचा भयंकर राग आला. आपल्या घरातले लोक इतके मुखदुर्बळ का, असं वाटून स्वतःचाही आला.

"जुनी कुठाय?" त्याने विचारलं.

"कपाटात. नळी फुगलीय."

"नवी नळी घाल तिला. मोसम हुकला तर हुकला. आणि मर्लला सांग, मूठ होती तेवढीच सैल बसव. घट्ट केलीस तर बघ म्हणावं."

वर एकही गोळी वाजली नव्हती. वेंडल उठला त्याच रिकाम्या नाक्यावरून मोसमातला सगळ्यात मोठा नर डुलत डुलत निघून गेला, आणि शेजारच्या नाक्यावरच्या दोघांनी तो लांबून पाहिला. संध्याकाळी कॅम्पात त्यावरून गदारोळ. ड्वेनने कात्री आणली.

"नेम चुकला तर पदर कापतात. नाका सोडला तर काय कापायचं?" ड्वेन म्हणाला. "बोला दादा, कुठे गेला होता?"

"पोटात मुरडा आला," वेंडल म्हणाला. "रात्रीची बीटच्या रसात मुरवलेली अंडी बाधली."

सगळे टेबल बडवून हसले. जोलीन म्हणाली, "बाबा, निदान बंदूक तरी न्यायची, अस्वल आलं असतं म्हणजे?" वेंडल शर्ट पँटबाहेर काढून पाठमोरा उभा राहिला. पन्नास वर्षं ज्याने एकही नियम मोडला नव्हता, तो माणूस मान खाली घालून पदर कापून घ्यायला उभा होता. आर्डिथला ते बघवेना.

"खोटं बोलतोय तो," ती उठून म्हणाली. "माझ्यासाठी उठला. गेल्या वर्षी मी ओढ्यात पडले. कशी पडले ते मला आठवत नाही. घसरले नाही, मध्येच मी नव्हतेच. नळीत बर्फ होता तशीच गोळी घातली. वर्षभर लपवलं, ही दुसरी बंदूक त्यासाठीच घेतली. ऐकलं का सगळ्यांनी? आता कात्री इकडे आण."

ड्वेनने कात्री टेबलावर ठेवली. जोलीनचे डोळे भरले होते.

"आत्या, तुला काही झालं असतं म्हणजे? डॉक्टरकडे कधी जायचं, बोल."

"ह्या आठवड्यात. तू ने मला." मग तिने वेंडलकडे पाहिलं. तो काही बोलणार नव्हता हे तिला कळत होतं. तिला नाक्यावर बस म्हणायला तो तयारच नव्हता. "सोमवारी मला वरच्या नाक्यावर बसव," ती म्हणाली. "मधली वाट जोलीनला दे."

वेंडलने नुसती मान हलवली. आर्डिथ बाहेर जाऊन लाकडं फोडत बसली. लागत नव्हती तेवढी फोडली.

सोमवारी ती खडकाला पाठ लावून बसली. बसणं हे काम आहे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पाय शिवशिवत होते, गुडघा आपोआप हलत होता. ड्वेनचं भुंकणं खालून आलं. जोलीनची हाळी आली, पुन्हा आली, जवळ आली. म्हणजे ती जाळीच्या अलीकडे पोचली. म्हणजे आता ओढा.

हाळी थांबली.

आर्डिथने कान टवकारले. उतरत असेल. उतरताना कोण ओरडतं? पण आता उतरून झाली असेल. पाणी खोल नाही. धोंडे मात्र बर्फाने गुळगुळीत. ड्वेन भुंकत पुढे सरकला आणि मध्ये नुसती शांतता. नाक्यावरच्या माणसाने खोकायचंसुद्धा नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने ओठ दाबून धरले. गेल्या वर्षी वेंडल इथेच, ह्याच खडकाशी असाच बसला होता, आणि आपण तिकडे टोपी पकडत होतो. कसा बसला असेल? कसा बसला तो? तिला त्याची दया आली आणि त्याच दमात त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

ती उठली.

"जोलीऽऽन!"

खोरं दणाणलं. खाली जाळीत काटक्या मोडल्या, पांढऱ्या शेपट्या चमकल्या आणि हरणांचा अख्खा कळप बाजूच्या सोंडेवरून पसार झाला.

"काय आहे, आत्या?" ओढ्याकडून जोलीनचा वैतागलेला आवाज आला. "बुटाची नाडी बांधतेय!"

शेजारच्या नाक्यावर वेंडल हसायला लागला. आधी दाबून, मग मोठमोठ्याने. खालून ड्वेन ओरडला, "कोण रे ते? नाक्यावरून कोण बोंबललं?"

आर्डिथने बंदूक खडकाला टेकवली आणि तोंडाभोवती हात धरले.

"मी!" ती ओरडली. "आणि पुन्हा ओरडेन!"